मालकीचा खर्च आणि मालकी

हत्ती विकत घेणे सोपे, पोसणे कठीण, हे आपले वाडवडील जाणून होते. संगणकाच्या बाबतीत हाच विचार अमेरिकेतील गार्टनर या सल्लागार संस्थेने १९८७ साली ‘मालकीचा एकूण खर्च’ या नावाने मांडला. खरेदीच्या रकमेत दुरुस्ती, शिकवणी आणि काम खोळंबल्याचे नुकसान मिळविल्यावाचून खरी किंमत कळत नाही, असे त्याचे सार.

अलीकडे एका देवस्थानच्या समितीने दोन दरपत्रके आमच्यापुढे ठेवली. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि समितीची जुनी यंत्रे पुढची आवृत्ती स्वीकारीनात; म्हणून हा खटाटोप. एका दरपत्रकात नवी यंत्रे, विंडोज आणि लेखन-हिशेबाच्या संचाची वार्षिक वर्गणी; दुसऱ्यात जुन्याच यंत्रांवर उबंटू व लिब्रे ऑफिस, ज्यांस परवान्याचे मूल्य नाही. “फुकट मिळते, मग विचार कसला?” असे खजिनदारांचे म्हणणे. “कारकुनाला पहिलेच येते, नवे शिकवायला कोण येणार?” असा चिटणीसांचा सवाल. दोघांचेही म्हणणे रास्त होते, आणि दोघांच्याही हिशेबात काही रकाने मोकळे होते.

हे मोकळे रकाने मोठमोठ्या नगरांनाही चुकलेले नाहीत. जर्मनीतील म्युनिक नगराने २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्सकडे वळण्याचे ठरविले आणि दहा वर्षांत सुमारे पंधरा हजार यंत्रे बदलली. एक कोटी युरोंहून अधिक बचत झाली, असे नगराने २०१२ मध्ये सांगितले. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एचपीकडून करविलेल्या तुलनेत नेमका उलटा निष्कर्ष निघाला. २०१७ मध्ये नगरसभेने पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. आम्हां वकिलांना यात नवल नाही. कोणते रकाने धरावयाचे हे पक्षकाराने ठरविले की बेरीज त्याच्या बाजूने साक्ष देते.

शिवाय ‘मालकी’ हा शब्दही तपासून घ्यावा. विंडोजसारख्या प्रणालीच्या करारपत्रात शब्द असतो परवान्याचा. घरदाराच्या व्यवहारात परवाना म्हणजे काय, हे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने ५२ व्या कलमात सांगितले आहे: वापरण्याची मुभा मिळते, वास्तूत हितसंबंध निर्माण होत नाही. संगणकाला ते कलम लागू नाही, परंतु भाव ओळखीचा आहे. प्रणाली परवान्याची असली, तरी तिच्यात लिहिलेली महाजनांची यादी, उत्सवाचा जमाखर्च आणि सभांची इतिवृत्ते मात्र देवस्थानच्या मालकीची. तेव्हा ती बाहेर कशी काढता येतील, हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

तो विचारताच खरी अडचण उघडी पडली. कित्येक वर्षांचे मराठी कागद जुन्या, खासगी ठेवणीच्या फाँटांत टंकलिखित होते. तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडले की देवाच्या नावाच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे यांचा गोंधळ दिसे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच जागा आहे. पण कार्यालयात ती सवय रुजली नव्हती. हे सारे कागद रूपांतरित करून, शब्दन् शब्द ताडून पाहण्याची मजुरी कोणत्याच दरपत्रकात नव्हती.

आम्ही दिलेला सल्ला थोडक्यात असा: प्रथम सारे दप्तर युनिकोडमध्ये आणि २००६ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेल्या ओपन डॉक्युमेंट या स्वरूपात आणावे. मग पाच वर्षांची शिकवणी, दुरुस्ती, वर्गणी आणि प्रणाली सोडण्याचा खर्च मांडून जे स्वस्त पडेल ते घ्यावे. समितीने खरेदी लांबणीवर टाकली, जुनी यंत्रे महाजालापासून तोडून ठेवली आणि महाजनांच्या यादीपासून कामास आरंभ केला. ते दप्तर एकदा मोकळे झाले, की दोन्ही विक्रेत्यांना आपला भाव नव्याने सांगावा लागेल.