माजघरांतील फळी

अमरकोशांत सुताराला तक्षा, वर्धकि, त्वष्टा, रथकार अशीं नांवें दिलीं आहेत. हीं नांवें आम्हीं तीस वर्षें मुलांकडून पाठ करवून घेतलीं. परंतु त्या सर्व काळांत पटाशी म्हणून एकदांहि हातीं धरली नाहीं. सेवानिवृत्तीनंतर पुतण्यानें एक लहानसें लेथयंत्र आणून दिलें, आणि घरामागची पडवी ही आमची दुसरी शाळा झाली. या शाळेंत आम्ही विद्यार्थी आहों व गुरुस्थानीं लांकूड आहे. तें छडी मारीत नाहीं. पण चूक झाली कीं तेथल्या तेथें पदरांत घालतें.

कांतकामाला एकसंध, चांगलें वाळलेलें लांकूड घ्यावें असा शिरस्ता आहे. सावंतवाडीचीं लाखेचीं कांतीव खेळणीं ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांस तें निराळें सांगावयास नको. आमच्यापाशीं मात्र होत्या प्लायवुडच्या जुन्या फळ्या. त्या कोठून आल्या हें सांगितल्यावांचून पुढील हकीकत समजावयाची नाहीं. सन २०१२ मध्यें आमच्या घरांत दोन चुली झाल्या आणि माजघराच्या मधोमध प्लायवुडची आडभिंत उभी राहिली. जागा अपुरी पडते, असें आम्ही लोकांस सांगत असूं. वस्तुस्थिति अशी कीं, मातोश्रींच्या अखेरच्या दुखण्यांतील खर्चाची वही आम्हीं सर्वांसमक्ष वाचून दाखविली होती. त्या वहींत औषधांचा रकाना होता, डॉक्टरांचा होता; धाकट्या भावजयीनें जागून काढलेल्या रात्रींचा नव्हता. २०२२ सालीं पुतण्याच्या लग्नासाठीं भिंत काढली, ती पुन्हां कोणी लावली नाहीं. फळ्या पडवींत टेकून राहिल्या.

प्लायवुडला पुष्कळ लोक हलका माल समजतात. आम्हीहि समजत होतों. परंतु त्याच्या घडणींत मोठा विचार आहे. लांकूड ओलाव्यानें रेषांच्या आडव्या अंगास फुगतें, लांबीच्या अंगास जवळजवळ नाहींच. म्हणून पातळ पापुद्रे एक उभा, एक आडवा असे चिकटविले म्हणजे प्रत्येक पापुद्रा शेजाऱ्याला आवरून धरतो. त्यांची संख्या बहुधा विषम ठेवतात, म्हणजे दोन्ही बाजूंचा ओढा सारखा राहून फळी वाकत नाहीं. ही युक्ति आजकालची नव्हे. ईजिप्तमध्यें सक्कारा येथील पायऱ्यांच्या पिरॅमिडांत सहा थरांची लांकडी शवपेटी सांपडली. ती तिसऱ्या राजवंशाच्या काळची, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वींची आहे.

आम्हीं एका फळींतील खिळे लोहचुंबक फिरवून शोधून काढले, जुना रंग घांसून टाकला आणि १९ मिलिमीटर जाडीचे पांच चौकोन कापले. डिंक सर्वत्र सारखा लावून ते शिकंज्यांत आवळले व पुरे चोवीस तास हात लावला नाहीं. मग कोपरे करवतीनें उतरवून ठोकळा यंत्रावर चढविला. बाहेरचें अंग ठीक उतरलें. मात्र पापुद्र्यांमधील राळेचा थर इतका कठीण कीं पटाशीला घडोघडी धार लावावी लागे. दुसऱ्या दिवशीं आंतून कोरण्यास घेतलें. भिंत पातळ व्हावी हा आमचा हव्यास, वेगहि वाढविलेला. एकाएकीं पटाशी अडकली, मोठा आवाज झाला, आणि अर्धी वाटी आमच्या कानाजवळून जाऊन दारावर आदळली.

तुकडा उचलून पाहतों तों मधल्या पापुद्र्यांत बोटभर पोकळी! स्वस्त फळींत आंतले पापुद्रे एकमेकांस भिडलेले नसतात. वरून तें कांहीं दिसत नाहीं. एवढ्यांत धाकटी भावजय कणकेच्या हातांनींच धांवत आली. “अण्णा, लागलं का कुठं?” भिंत गेली तरी आमच्या बाजूस बोलावल्यावांचून ती कधीं येत नसे. आम्हीं नुसती मान हलविली. ती दाराचा टवका पाहून परत गेली.

दुसऱ्या खेपेस आम्ही शहाणे झालों. प्रत्येक चौकोन बोटाच्या पेरानें वाजवून, कडा निरखून घेतला. भिंत दुप्पट जाड ठेवली, वेग कमी केला, तोंडावर ढाल घेतली आणि नाकावर पट्टी बांधली. कारण राळेची ती धूळ छातींत जाणें बरें नव्हे. धारदार पटाशीनें अगदीं हलका हात दिला, तेव्हां पापुद्र्यांचे तंतु उपटावयाचे थांबले. वाटी तयार झाली तेव्हां तिच्या अंगावर फिक्यागडद रेषा उमटल्या होत्या. जेथें उतार अधिक निजता तेथें त्या रुंद, जेथें उभा तेथें अरुंद. भूगोलाच्या नकाशांत डोंगराच्या समोच्च रेषा असाव्यात तशा. वाटी फिरवावी तों फिकी रेषा गडद होई व गडद ती फिकी. हीं सर्व त्या आडव्याउभ्या पापुद्र्यांची करामत.

वर चपड्याचें पॉलिश दिलें. डिंकामुळें ती खाण्याच्या जिनसांस योग्य नव्हे. म्हणून ती घेऊन आम्ही धाकट्या स्वयंपाकघरांत गेलों आणि किल्ल्या ठेवावयास म्हणून पुढें केली. भावजयीनें ती उलटी करून पाहिली. बुडाशीं एक बारीक काळें भोंक राहिलें होतें.

“हा माझ्या कॅलेंडरचा खिळा,” ती म्हणाली. “माजघरांतलीच ना फळी?”

“होय,” आम्ही म्हणालों. आणि दहा वर्षें जें जिभेवर होतें तें तेव्हां निघालें. “त्या दिवशीं वही वाचून दाखविली, तें आमचें चुकलें.”

ती कांहींच बोलली नाहीं. पदरानें वाटींतील भुसा पुसून तिनें ती खिडकींत ठेवली.

चुली अद्याप दोनच आहेत, आणि त्यांत कोणाची गैरसोय नाहीं. परंतु दोन्ही घरांच्या किल्ल्या आतां त्या एका वाटींत असतात.