हान्स हॉफमन : शिक्षक आणि चित्रकार

उत्तम शिक्षक असणे हे कलावंताच्या लौकिकाला मारक ठरू शकते. मराठीत ‘प्राध्यापकी’ हे विशेषण कवितेला किंवा समीक्षेला लागते तेव्हा त्यात गौरव अभिप्रेत नसतो. हान्स हॉफमनच्या (१८८०–१९६६) चित्रांविषयी असाच संशय दीर्घकाळ बाळगला गेला.

बव्हेरियात जन्मलेला हॉफमन १९०४ पासून दहा वर्षे पॅरिसमध्ये होता. फोव्ह चित्रकारांचा रंग आणि घनवाद्यांची रचना ही दोन्ही त्याने उगमापाशीच पाहिली. १९१४ मध्ये युद्ध पेटले तेव्हा तो जर्मनीत होता आणि पॅरिसची वाट बंद झाली. चरितार्थासाठी १९१५ मध्ये त्याने म्युनिकला शाळा काढली. १९३२ मध्ये तो अमेरिकेत स्थिरावला आणि पुढे न्यूयॉर्क व प्रॉव्हिन्सटाउन येथे हेच काम चालू राहिले. मधली कित्येक वर्षे त्याने रंगांना जवळजवळ हात लावला नाही. रेखाटने तेवढी चालू होती.

शिकवण्याची त्याची रीत मात्र विलक्षण होती. विद्यार्थ्याचे रेखाचित्र तो सरळ फाडी, तुकडे किंचित सरकवून पुन्हा जोडी आणि निर्जीव पृष्ठभागात ताण कसा उत्पन्न होतो ते दाखवी. सपाट चित्रफलकावर यथार्थदर्शनाच्या युक्त्यांनी खोलीचा आभास निर्माण करणे त्याला मान्य नव्हते. एक रंग पुढे रेटतो, दुसरा मागे खेचतो. या रेटारेटीतूनच अवकाश घडतो, असा त्याचा सिद्धांत. अनुकरण होऊ नये म्हणून स्वतःची चित्रे तो विद्यार्थ्यांना सहसा दाखवत नसे. हा संयम दुर्मिळच म्हटला पाहिजे.

तरीही त्याच्या दृष्टीला मर्यादा होत्या. ली क्रॅस्नरच्या एका चित्राची त्याने स्तुती केली ती, हे बाईचे काम आहे असे ओळखूही येणार नाही, अशा आशयाच्या शब्दांत. काळाकडे बोट दाखवून ही गोष्ट निकालात काढता येत नाही. रंगांमधील सूक्ष्म ताण ओळखणाऱ्याला समोरच्या विद्यार्थिनीचा अपमान दिसला नाही, ही नोंद त्याच्या चरित्रात राहिलीच पाहिजे.

न्यूयॉर्कमधील त्याचे पहिले एकल प्रदर्शन पेगी गुगेनहाइमच्या कलादालनात १९४४ मध्ये झाले, तेव्हा तो चौसष्टीच्या उंबरठ्यावर होता. ‘अमूर्त अभिव्यक्तिवाद’ ही संज्ञा नव्या अमेरिकन चित्रकलेला रॉबर्ट कोट्स या समीक्षकाने १९४६ मध्ये लावली, ती हॉफमनच्याच प्रदर्शनाविषयी लिहिताना. म्हणजे पंथाच्या नावाचा पहिला धनी तो. पुढे पंथ ओळखला गेला तो पोलॉकच्या नावाने!

१९५८ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्याने शाळा बंद केली. त्यानंतर ‘द गेट’सारखी चित्रे आली : जाड रंगाचे घट्ट आयत, काही तरंगणारे, काही अंगावर येणारे. वर्गात सांगितलेला सिद्धांत येथे आहेच. परंतु तो सिद्ध करण्याची घाई आता उरलेली नाही. १९६३ मध्ये त्याने आपली पंचेचाळीसएक चित्रे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संग्रहासाठी देऊ केली. १९३० मध्ये त्याला अमेरिकेत शिकवायला प्रथम बोलावले होते ते याच विद्यापीठाने.