डेकचं आयुष्य फळीखाली

डब्ल्यूपीसीचा, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्यांचा डेक किती वर्षं टिकतो, असं विचारलं की दुकानात वॉरंटीचा आकडा मिळतो: कुठे १० वर्षं, कुठे २५. हा आकडा खोटा नसतो, पण तो फळीचा असतो. डेक म्हणजे फळी, खालचा सांगाडा, स्क्रू, क्लिपा, गच्चीचा उतार आणि या सगळ्यांमधून खेळणारी हवा. माझ्या मते डेक किती जगणार, ते फळीच्या खालीच ठरतं. रंगाचे नमुने न्याहाळण्यात जितका वेळ जातो, त्याच्या निम्मा तरी तिकडे द्यायला हवा.

या फळीत निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक लाकडाचा भुसा असतो. उरलेलं बहुतेक पॉलिथिलीनसारखं प्लास्टिक. १९९०च्या दशकात अमेरिकेत हा माल रुळत होता तेव्हा समज असा होता, की भुशाचा कण न् कण प्लास्टिकमध्ये गुरफटला आहे, मग बुरशी शिरणार कुठून? फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात अशाच फळ्यांची पायवाट होती. चारेक वर्षांतच तिच्या फळ्यांत लाकूड कुजवणारी बुरशी सापडली आणि मॉरिस व कूपर या अभ्यासकांनी १९९८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. भुसा जास्त असला की कण एकमेकांना टेकतात आणि पाण्याला वाट मिळते. पृष्ठभागाजवळचे कण भिजून फुगतात, सुकताना आकसतात, बारीक भेगा पडतात आणि पुढचं पाणी आणखी आत जातं. ते सावकाश शिरतं, पण निघतंही सावकाशच. कोकणात आणि गोव्यात चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस होतो. उरलेले आठ महिने कोरडेच की, असं कुणी म्हणेल. वरच्या बाजूपुरतं ते खरं आहे. स्लॅबपासून जेमतेम इंचभर उंचीवर बसवलेल्या, पाल्यामातीने फटी बुजलेल्या फळीची खालची बाजू मात्र पाऊस संपल्यावरही कितीतरी दिवस ओल धरून राहते, आणि बुरशीला तेवढंच हवं असतं.

हल्लीच्या फळ्यांना प्लास्टिकचं कवच असतं, त्यामुळे ही भीती जुनी झाली, असं विक्रेते सांगतात. कवच उपयोगी आहे, यात वाद नाही. रंग कमी उडतो, डाग आत मुरत नाहीत. पण अनेक फळ्यांची खालची बाजू उघडीच असते आणि करवत लागली की प्रत्येक टोकाला आतला गाभा उघडा पडतो. शिवाय उन्हाने होणारं प्रसरण कवच थांबवत नाही. तीन मीटरची फळी जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांच्यामध्ये चार-पाच मिलिमीटर तरी लांबते. टोकाला तेवढी जागा सोडली नसेल तर फळ्या एकमेकींना रेटतात, मधेच उचलल्या जातात, क्लिपा सुटतात. पैसे वाचवायच्या नादात जॉइस्टमधलं, म्हणजे फळीला खालून आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्यांमधलं अंतर वाढवलं, तर तापलेली फळी वजनाखाली हळूहळू वाकते आणि वाकलेलीच राहते. आणि समुद्राजवळच्या सांगाड्यातला एमएस, म्हणजे साध्या पोलादाचा पाइप! त्याला रेड ऑक्साइडचा हात मारून काम उरकलं जातं. खारी हवा आधी वेल्डिंगचे सांधे खाते. वर फळी धडधाकट आणि खाली पापुद्रे सुटलेला सांगाडा, अशा डेकला फळीची वॉरंटी काय कामाची?

एवढं सगळं सांभाळायचं, तर साग काय वाईट, हा आक्षेप रास्त आहे. पण उघड्यावरच्या सागाचा रंग राखायचा तर त्याला पुन्हा पुन्हा तेल द्यावं लागतं. डब्ल्यूपीसीची काळजी बहुतेक एकदाच, बसवताना घ्यायची असते. नंतर झाडू, मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं. पहिल्या काही महिन्यांत रंग थोडा फिका होतो, धूळ-परागांवर वाढणाऱ्या बुरशीचे काळे ठिपके दिसतात. ते दिसायला वाईट असले तरी फळी कुजल्याची खूण नव्हेत. प्रेशर वॉशर मात्र जवळून मारू नये, पृष्ठभाग सोलला जातो.

म्हणून कोटेशन हातात आलं की दर पाहण्याआधी विचारा: फळीखाली हवेला जागा किती, पाणी कुठून वाहून जाणार, सांगाडा कशाचा, समुद्र जवळ असेल तर स्क्रू ३१६ स्टेनलेसचे आहेत का, आणि सफाईसाठी मधली एखादी फळी काढता येईल का. उत्तरं कोटेशनमध्ये लिहून घ्या. ती मिळत नसतील तर तिथे २५ वर्षांच्या वॉरंटीची फळीही घेऊ नका.