आंजर्ल्याहून मुरुडास पुळणीने

समुद्रकाठाने चालू इच्छिणाऱ्याने घड्याळाच्या आधी पंचांग पाहावे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे त्या दिवसाची पूर्ण भरती किती वाजता, हे स्थूलमानाने निघते. त्यात सहा तास मिळविले की ओहोटी. षष्ठीस साडेचारास भरती व साडेदहाच्या सुमारास ओहोटी. हा हिशेब कोकणच्या खलाशांच्या तोंडी असतो. आम्ही तो वर्गात त्रैराशिकापेक्षा अधिक आवडीने शिकवीत असू.

म्हणून माघ वद्य षष्ठीस, पाणी उतरू लागलेले पाहून, आम्ही व आमचे एक बालस्नेही असे दोघे आंजर्ल्याहून निघालो. मुरुड तेथून किनाऱ्याने आठ-दहा किलोमीटर. मोटारीने घटकाभराचे काम. परंतु स्नेह्यांस त्या दिवशी घाई नको होती. मुरुडास त्यांची वडिलार्जित वाडी आहे. ती विकावी की राखावी, हे त्यांना सायंकाळपर्यंत पुण्यास चिरंजिवांस कळवावयाचे होते.

आंजर्ल्याच्या पुळणीवर कासवांची अंडी जपण्यासाठी जाळीचे कुंपण केलेले दिसले. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री येऊन शंभरावर अंडी वाळूत पुरते आणि समुद्रात परत जाते. पिल्ले दीड-दोन महिन्यांनी बाहेर पडतात. स्नेही म्हणाले, "मास्तर, हिचे बरे आहे. पुरून मोकळी झाली. पोफळीला तसे करून चालत नाही."

जोग नदीची खाडी पूर्वी तरीने ओलांडीत. आता पूल आहे. पुढे पाडले व हर्णै. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, आणि अलीकडे काठावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा हे त्याचे तीन सोबती. १७५५ साली पेशव्यांनी इंग्रजांच्या आरमाराची मदत घेऊन हा दुर्ग तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. घरचे आरमार मोडण्यास परक्याचे आरमार बोलाविले, हे आम्हांस विद्यार्थ्यांपुढे सांगताना नेहमीच जड जाई. बंदरावर मासळीचा लिलाव चालू होता. त्या गर्दीतून आम्ही नाकास उपरणे न लावता, परंतु पाय उचलूनच, बाहेर पडलो.

सालदुऱ्याच्या सुरूंखाली दशम्या सोडल्या. तेथे स्नेह्यांनी वादळाची हकीकत काढली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने आजोबांच्या हातचे माड व पोफळी दोन-तीन तासांत आडव्या केल्या. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. पोफळीचे रोप सावलीत वाढते. वरचे छत्र गेले की पश्चिमेच्या उन्हाने ते करपते. म्हणून आधी केळ लावावी, तिच्या आडोशाने पोफळ, आणि मग सहा-सात वर्षे पाणी देत बसावे. "मी साठी ओलांडल्यावर रोपे लावली," ते म्हणाले, "आणि हॉटेलवाला रोख मोजावयास तयार आहे. सांगा, शहाणा कोण?" आम्ही उत्तर दिले नाही. ज्याची स्वतःची वाडी नाही त्याने अशा ठिकाणी सल्ला देऊ नये, असे आमचे मत आहे.

मुरुड गाठले तेव्हा भरती पुन्हा चढत होती. हे गाव धोंडो केशव कर्वे यांचे. परीक्षेसाठी ते पावसापाण्यातून, सह्याद्री ओलांडून, शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्यास गेले. आणि वय पुरे असताही लहान दिसतात म्हणून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. आमचे आठ-दहा किलोमीटर आम्ही तेथे कोणास सांगितले नाहीत.

वाडीत शिरताच स्नेही थेट पाटाकडे गेले. २०२१च्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांपैकी एकीने पहिला फुलोरा टाकला होता. त्यांनी तो चष्मा काढून, पुन्हा लावून पाहिला. इतक्यात पुण्याहून फोन आला.

"शनिवारी ये," ते चिरंजिवांस म्हणाले. "आणि येताना पंपाचा पट्टा घेऊन ये. जुना तुटला आहे."