उरलेल्या लाकडाची मांडणी

लाकूड कापून कितीही वर्षे लोटली, तरी ते हवेतील ओलावा घेतच राहते आणि सोडतच राहते. पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबीत मात्र फारसा फरक पडत नाही. भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेली फळी स्वतःच्याच भाराने हळूहळू वाकते. जमिनीवर टाकलेली फळी एका अंगाने दमट आणि दुसऱ्या अंगाने कोरडी राहते व पन्हळीसारखी वळते. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. परंतु बाहेरच्या पांढुरक्या भागाला ती सोडत नाही. म्हणून उरलेल्या लाकडाला आडवा आधार, जमिनीपासून अंतर आणि सर्व बाजूंनी हवा द्यावी लागते.

हे ज्ञान मला कामी आले ते गावाकडचे आमचे घर उतरवल्यानंतर. मातीच्या भिंती मातीत मिळाल्या, कौले शेजाऱ्यांनी नेली, आणि मागे उरल्या सागाच्या चौकटी व माळ्याच्या फळ्या. वडिलांनी गवंड्याच्या हाताखाली मजुरी करून त्यातील एकेक नग विकत घेतला होता. आम्हां दोघां भावांत वाटावे असे त्यांच्यामागे दुसरे काही नव्हते. धाकट्याचे मत, वखारवाल्याला विकून पैसे निम्मे-निम्मे करावेत. मी एका पावसाळ्याची मुदत मागितली. त्या चार महिन्यांत लाकूड खराब झाले असते, तर पुढे बोलण्यास मला तोंड उरले नसते.

मागील पडवीच्या विटांच्या भिंतीवर मी मांडणी उभारली. तीन उभे खांब, एकमेकांपासून २ फुटांवर. प्रत्येक खांब अँकर बोल्टने विटेतच पक्का केला, कारण नुसता गिलावा भार धरीत नाही. प्रत्येक खांबाला एकेक फुटावर १५ इंची आडवे हात बसविले; एका हाताला दोन बोल्ट, म्हणजे तो फिरत नाही. हाताचे पुढचे टोक अर्धा इंच वर ठेवले, म्हणजे फळी घसरत नाही. तिन्ही खांबांवरील हात दोरी ताणून एका पातळीत आणले. सर्वांत खालचा हात जमिनीपासून फूटभर उंच ठेवला.

६ फूट लांब, ९ इंच रुंद व १ इंच जाडीची सागाची फळी सुमारे ७ किलो भरते. अशा वीस फळ्या म्हणजे १४० किलो. म्हणून जड चौकटी खाली आणि हलक्या फळ्या वर ठेवल्या. फळ्यांच्या दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या रिपा घातल्या. त्या रिपा नेमक्या हातांच्या रेषेतच ठेवल्या, म्हणजे भार सरळ खाली उतरतो. २ फुटांहून आखूड तुकडे वेगळ्या खोक्यात गेले. लाकूड रचण्यापूर्वी जुने खिळे उपसले आणि प्रत्येक नगावर खडूने लांबी व मूळ जागा लिहिली : ‘माजघर’, ‘परसदार’, ‘माळा’.

आपल्या वसतिगृहात प्रत्येकाला एक पेटी आणि फळीचा एक कप्पा मिळत असे. तेवढ्यात सारे बसवायचे आणि अंधारातही हाताला लागेल असे ठेवायचे, ही शिस्त तेथे अंगवळणी पडली. खडूची ही अक्षरे लिहिताना त्या कप्प्यांची आठवण झाली.

दिवाळीत धाकटा आला. एक फळी उचलून त्याने एका डोळ्याने तिची कड पाहिली, सरळ होती. मग ‘माळा’ लिहिलेल्या चार फळ्या काढून म्हणाला, “दादा, मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाला या पुरतील ना?” माप घेतले, पुरत होत्या. वखारीचा विषय त्यानंतर निघाला नाही. उरलेले लाकूड अजून मांडणीवर आहे. आता त्यातून काय करावयाचे ते आम्ही दोघे मिळून ठरवतो.