शिडाच्या जहाजांची नामावळी

घाट या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. सह्याद्री उतरून कोकणात जाणारी वाट तो घाट, आणि नदीकाठच्या दगडी पायऱ्या तोही घाटच. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या बंदरकाठी, याच शब्दाशी एक तिसरी आठवण जोडली गेली आहे. तेथे काळ्या दगडाच्या काही पायऱ्या आहेत. हिंदुस्थानातून मजुरीच्या करारावर आलेली माणसे जहाजातून उतरून याच पायऱ्या चढत आणि वर गेल्यावर त्यांना एक क्रमांक मिळे. या जागेला पूर्वी कुली घाट म्हणत. आता तिचे नाव आप्रवासी घाट असे आहे. २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसास्थळांत तिचा समावेश केला.

मॉरिशसच्या प्रवासात आम्ही ही जागा मुद्दाम पाहिली. पाहण्यासारखे भव्य असे तेथे काही नाही, हे वाचकांना आधीच सांगितलेले बरे. मूळ आवाराचा बराच भाग काळाच्या ओघात लोपला असून आवारातूनच मोठा रस्ता गेला आहे. एक प्रवेशद्वार, रुग्णालयाच्या खोल्यांचे अवशेष, छपरांच्या जोत्यांच्या खुणा, स्वयंपाकाची जागा आणि त्या पायऱ्या, एवढेच काय ते उरले आहे. पलीकडे बंदरातील गलबला चालू असतो. तथापि त्या पायऱ्यांपाशी थोडा वेळ उभे राहिले की शब्द आपोआप कमी होतात.

या ठिकाणाचा इतिहास थोडक्यात असा. मॉरिशस तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होते आणि तेथील उसाचे मळे गुलामांच्या श्रमावर चालत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. ती संपणार हे दिसू लागताच मळेवाल्यांनी दुसरीकडे माणसे शोधण्यास आरंभ केला. १८३४ च्या सप्टेंबरात कलकत्त्यास छत्तीस मजुरांशी पाच वर्षांचा करार झाला; पुरुषाला दरमहा पाच रुपये पगार ठरला. ही माणसे 'अॅटलस' नावाच्या शिडाच्या जहाजातून २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोर्ट लुईस पोहोचली. त्यानंतर १९२० पर्यंत जवळजवळ पाच लक्ष माणसे या बंदरात उतरली. काही पुढे अन्य वसाहतींत पाठविण्यात आली, काही करार संपल्यावर मायदेशी परतली, आणि पुष्कळ तेथेच राहिली.

बहुसंख्य लोक कलकत्त्याच्या बंदरातून निघालेले, बिहार व आसपासच्या प्रांतांतील होते. मद्रासहून तमिळ व तेलुगू भाषिक गेले. मुंबईहून गेलेल्यांची संख्या त्या मानाने थोडी. ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गेले आणि त्यांत आपली मराठी माणसे होती. रत्नागिरीचा किनारा व सह्याद्रीच्या कडेचे मुलूख येथून ती निघाली. आज त्यांचे वंशज व्हाकोआ, कास्काव्हेल, रिव्हिएर नुआर अशा भागांत राहतात. घरात बहुधा क्रिओल भाषा बोलली जाते, मराठी शाळेत शिकावी लागते. तरी गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातील जाखडीचे नाच तेथे अजून नाचले जातात. पाय जेथून निघाले ते गाव विसरले, पण पायांना ताल आठवतो, असे ते पाहताना वाटले.

आता त्या नामावळीविषयी. पायऱ्या चढून आलेल्या माणसाला आवारात दोन-तीन दिवस ठेवीत आणि मग मळ्यावर धाडीत. त्या अवधीत कारकून त्याची नोंद करी. नाव, वडिलांचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खूण, जिल्हा व गाव, जहाजाचे नाव, येण्याची तारीख, आणि कोणत्या मळ्यावर पाठविले ते. या सर्वांच्या आधी क्रमांक. हा क्रमांक त्याला आयुष्यभर चिकटे. १८६० नंतरच्या दशकात छायाचित्रेही काढण्यात येऊ लागली. १८६७ च्या कायद्याने तर करार पुरा केलेल्या जुन्या मजुरालाही छायाचित्र असलेले तिकीट जवळ बाळगणे भाग पडले. ते नसले तर भटक्या म्हणून त्याला धरीत. या जाचाविरुद्ध १८७१ साली आडोल्फ द प्लेव्हिट्झ नावाच्या मळेवाल्याने जुन्या मजुरांचा अर्ज तयार केला. त्यावर ९,४०१ जणांनी आपली संमती नोंदविली होती. पुढे त्याची चौकशी करण्यास शाही आयोग आला.

म्हणजे ही नोंद कोणाच्या नातवंडांसाठी लिहिलेली नव्हती. पळालेला मजूर पकडता यावा, मेलेल्याचा हिशेब मिटवता यावा, म्हणून ती लिहिली गेली. आज मात्र त्या वह्यांचा उपयोग लिहिणाऱ्यांनी कधी कल्पिला नसेल असा होत आहे. मोका या गावी महात्मा गांधी संस्था आहे. तिच्या दप्तरखान्यात या वह्या जपून ठेवल्या असून वंशजांच्या विनंतीवरून तेथील मंडळी शोध घेऊन देतात.

शोधाची रीत समजून घेण्यासारखी आहे. प्रारंभ जहाजापासून करावयाचा नसतो. प्रारंभ करावयाचा तो आपल्या घरातल्या सर्वांत वृद्ध माणसापासून. आजोबांचा मृत्युदाखला, त्यांच्या आईवडिलांचा विवाहदाखला, असे एकेक पिढी मागे जावे लागते. या सरकारी दाखल्यांत मूळ पुरुषाचा अथवा स्त्रीचा क्रमांक पुष्कळदा लिहिलेला सापडतो. तो क्रमांक मिळाला की मोक्याच्या वहीतील ओळ सापडते, ओळीवरून जहाज, आणि जहाजावरून बंदर व तारीख. नुसत्या नावावर शोधू जाल तर एका नावाची शेकडो माणसे निघतात. शिवाय सखारामाचे नाव चार इंग्रज कारकुनांनी चार प्रकारे लिहिलेले असावयाचे. गावांच्या नावांची तर त्याहून दुर्दशा. जिल्ह्यांच्या सीमाही बदलल्या आहेत. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली निराळा झाला. तेव्हा जुन्या वहीतील 'रत्नागिरी' या शब्दात मालवण आणि वेंगुर्लेही येतात, हे शोधणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

काही ओळी मात्र मळ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. १८५६ च्या आरंभी कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर पटकी होती म्हणून त्यांवरील माणसांना उत्तरेकडील लहानशा गाब्रिएल बेटावर उतरविण्यात आले. निवारा अपुरा होता. तेथे अडीचशेंहून अधिक माणसे मरण पावली. जहाजाच्या यादीत त्यांचे नाव आहे, मळ्याच्या यादीत नाही. त्यांचा शोध घेणारा नातू मॉरिशसमध्ये असणार नाही. कोणी असलाच तर तो हिंदुस्थानातील एखाद्या खेड्यात असेल, आणि त्याला यातले काहीच ठाऊक नसेल.

ज्या मराठी कुटुंबाने आमचे आतिथ्य केले त्यातील वडीलधारे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचे आडनाव म्हणजे 'जी'ने शेवट होणारे एका पुरुषाचे नाव. आम्ही त्याविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले, "फादर, हे आमचं आडनाव नव्हे. आमच्या मूळ पुरुषाचं नाव आहे. त्याचं आडनाव कुणी विचारलंच नाही."

त्यांच्याजवळ वहीतील त्या ओळीची नक्कल होती. नाव, वडिलांचे नाव, वय बावीस, उंची, डाव्या भुवईवर व्रण, जिल्हा रत्नागिरी, आणि एक गाव, ज्याची शेवटची अक्षरे नीट लागत नाहीत. काही वर्षांपूर्वी ते पत्नीसह कोकणात गेले. त्या नावाशी जुळणारी दोन गावे निघाली. दोन्ही ठिकाणी लोकांनी ओटीवर बसविले, चहा दिला, आणि दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न तोच झाला: आडनाव काय आणि वाडी कोणती? यांच्यापाशी उंची होती, भुवईवरचा व्रण होता, आडनाव नव्हते. एका गावातील म्हातारबुवा त्यांना म्हणाले, "पाहुणे, घराणं कळल्याशिवाय कसं सांगू? त्या नावाचे चार पुरुष तर आमच्याच वाडीत होऊन गेले."

ते परत आले. मूळ घर सापडले नाही. हे सांगताना त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. पण नकलेचा तो कागद त्यांनी फार जपून घडी घालून ठेवला.

आम्हाला तेव्हापासून एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवते. जहाजाच्या कारकुनाने माणसाचे शरीर मोजले आणि नाते सोडून दिले. त्याउलट आपल्या धर्मग्रामाची बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही पाहा. तिच्यात उंची नाही, व्रण नाही. आईबाप आहेत, पुष्कळ ठिकाणी आजीआजोबा आहेत, धर्मपिता व धर्ममाता आहेत, वाडा आहे. एका वहीने माणूस हरवू नये म्हणून बांधून ठेवला, दुसरीने तो कोणाचा हे लिहिले. हरवलेला माणूस घरी आणावयाचा तर दोन्ही वह्या लागतात. समुद्रापलीकडील वही जपलेली आहे. अलीकडची वही कित्येक घराण्यांच्या बाबतीत कधी लिहिलीच गेली नाही. ती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी होती आणि त्यांच्याबरोबर गेली.

मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांना परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड मिळण्याची वाट मोकळी केली. त्यामुळे असे कागद घेऊन येणारे पाहुणे पुढेही येत राहतील. ते आपल्याकडेच येतील असे नाही. पण आपल्या पंचक्रोशीतूनही माणसे गेलीच की! कोणी जहाजांवरील चाकरीस, कोणी पूर्व आफ्रिकेस, कोणी मुंबईस. आणि "तो गेला तो गेलाच" एवढेच ज्यांच्याविषयी उरले असे पुरुष बहुतेक घरांत एकदोन निघतात. त्यांचेही नातू कोठेतरी एखादी अर्धी ओळ हाती धरून बसलेले असतील.

मॉरिशसमध्ये २ नोव्हेंबर हा दिवस 'अॅटलस'च्या स्मरणार्थ सुट्टीचा असतो. आपणांस तोच दिवस मृतांचा स्मरणदिन म्हणून ठाऊक आहे. त्या दिवशी आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो. ज्यांची कबर आपल्याकडे नाही त्यांच्यासाठी यंदा एवढे करावे. घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे आणि परत न आलेल्यांची नावे विचारावी. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, वाडा, आणि ठाऊक असल्यास कोणत्या साली कोठे गेला, हे एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून, खाली तारीख घालून, घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावे. अक्षर मात्र वाचता येईल असे असू द्यावे.