नाताळच्या सुट्टीत सातारा, मसूर, वाटेगाव

नाताळच्या सुट्टीत युरोप पाहणे आपल्या खिशाला झेपणारे नाही. पण मुलांना घेऊन एवढे तरी जरूर पाहावे.

पहिला मुक्काम सातारा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भिवाचे नाव इथल्या सरकारी शाळेत दाखल झाले. तेच आजचे प्रतापसिंह हायस्कूल. रजिस्टरातील क्रमांक १९१४.

तिथून रेल्वेने मसूर. पॅसेंजरची वेळ आधी विचारून ठेवा. १९०१ साली वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली भावंडे याच स्टेशनावर उतरली. जात कळताच गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले. गाडी मुलांनी हाकायची, गाडीवानाने पायी चालायचे! बरोबर जेवण होते, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही.

पुढे कऱ्हाडवरून सांगली जिल्ह्यातील वाटेगाव, अण्णा भाऊ साठ्यांचे जन्मगाव. वडिलांबरोबर पायी मुंबई गाठणारा हा शाहीर १९६१ साली रशिया पाहून आला आणि त्याने ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली.

शिदोरीत भाकरी-चटणी घ्या, पाणी भरून घ्या आणि प्रत्येक मुलाच्या हाती एक वही द्या. घरी परतल्यावर प्रवासवर्णन त्यांनीच लिहावे. जयभीम!